मधला तुकडा

युना स्कोबीला कुणी विचारलं असतं, की बाई, तुला तुझ्या जावेचा हेवा वाटतो का, तर तिने हातातला कप बशीत ठेवला असता, ओठ टिपले असते आणि "नोरीनचा? कशाला बरं?" असं अगदी गोड आवाजात विचारलं असतं. मग पुढचा अर्धा तास ती नोरीनबद्दलच बोलली असती. नोरीनचे स्कोन आत कसे कच्चे राहतात, नोरीन कपडे वाळत घालताना बाह्या कशा लोंबत सोडते, नोरीनला सफरचंद नीट खुडतासुद्धा येत नाही, देठ तुटतो. कूपर्स रीचमध्ये हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आम्ही माना डोलवायचो आणि आणखी एक सँडविच घ्यायचो.

दोघी सख्ख्या जावा. थोरल्या क्लिफची बायको युना, धाकट्या डगची नोरीन. भावाभावांच्या बागा लागून, घरं एकाच उतारावर, आणि घरं बांधणाऱ्याने काय सूड उगवला कोण जाणे, दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर. युना इथलीच. ह्यूऑन नदीच्या काठी जन्मली, तिथेच वाढली, तिथेच दिली. नोरीनला डगने आणली होती पार ब्रोकन हिलहून. तिकडे पाऊस आला तर माणसं काम टाकून रस्त्यात येऊन उभी राहतात म्हणे. युना तिला पाठीमागे 'धुळीतली बाई' म्हणायची. नोरीनला मूलबाळ नव्हतं. युनाला एकच, जोसी.

आणि खरं दुखणं तिथे होतं. स्कोनचं नुसतं निमित्त.

सदुसष्ट सालच्या आगीत दोन्ही बाजूंचे डोंगर पेटले, तेव्हा अख्खं गाव नदीत उतरलं. गळ्याइतक्या पाण्यात, डोक्यावर भिजवलेली घोंगडी घेऊन, अंधार पडेपर्यंत माणसं उभी होती. नेमकी त्या दिवशी युना होबार्टला गेलेली, भरतकामाची लोकर आणायला. रस्ते बंद झाले. रात्र तिने बस स्टँडवर काढली, आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गाडीतून गावात पोचली, तेव्हा बारा वर्षांची जोसी काकूच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. नोरीनने तिला आदल्या दिवसभर पाण्यात धरून ठेवलं होतं. युनाने आभार मानले. रडून, मिठी मारून, रीतसर मानले. आणि त्या दिवसापासून तिला नोरीन डोळ्यांसमोर नको झाली.

पोरही तेव्हापासून काकूची झाली. शाळेतून आली की दप्तर इकडे आणि पाय तिकडे. पहिल्यांदा कुणावर मन बसलं तेही काकूला आधी कळलं. युना खिडकीतून बघायची, समोरच्या स्वयंपाकघरात दोन डोकी एकत्र हसताहेत, आणि इकडे ती भांडी आपटायची.

एका गोष्टीत मात्र युनाचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ती म्हणजे कॅनव्हासवरचं भरतकाम. जाळीदार जाड कापड, त्यावर लोकरीने एकेक भोक भरत जायचं. आगीत जळालेल्या जुन्या चर्चमध्ये गुडघे टेकायच्या सगळ्या उशा युनाने भरल्या होत्या. गावात बाकीच्या बायका भरायच्या त्या भिंतीवरची चित्रं, खुर्चीतल्या उशा, चष्म्याची पाकिटं. गुडघ्याखाली जायचं काम फक्त युनाचं.

त्यामुळे शहात्तर साली नव्या चर्चसाठी गादी करायचं ठरलं, तेव्हा युनाने मनातल्या मनात सगळं वाटून टाकलं होतं. वेदीपुढच्या कठड्याला लागून एक लांबलचक गादी, सात तुकडे जोडून केलेली, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती नदी. नदीने गाव वाचवलं, म्हणून नदी. ही कल्पना पाद्र्यांच्या बायकोची, मिसेस पेलची. बाई तरुण होती, सिडनीकडची, उत्साही. सात बायका, सात तुकडे. मधला तुकडा मानाचा, कारण लग्नात नवरा-नवरी तिथे गुडघे टेकणार. आणि ऑक्टोबरात जोसीचं लग्न ठरलं होतं.

"माझी पोर माझ्या पाण्यावर गुडघे टेकेल," युना क्लिफला म्हणाली.

क्लिफ पेपर वाचत होता. "ओली होईल की," तो म्हणाला.

"तुला काही सांगायची सोय नाही."

ते तिला इतकं हवं होतं, की तिला त्याची भीती वाटायची. त्या दिवशी ती पाण्यात नव्हती. ते काही आता बदलणार नव्हतं. पण एकदा, सगळ्या गावासमोर, पोरीच्या गुडघ्यांखाली तिच्या आईचं पाणी असेल. नोरीनचं नाही.

मिसेस पेलने मात्र घोळ घातला. ती म्हणाली, प्रत्येकीने तळहाताएवढा नमुना भरून आणायचा. पाणी कसं दाखवणार ते बघू, मग तुकडे वाटू. युनाला हे ऐकूनच राग आला. चाळीस वर्षं सुई हातात धरल्यावर नमुना दाखवायचा, तोही कुणाला, जिला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो तिला. पण नमुना करायचा म्हटल्यावर युनाने जीव ओतला. पाच रंग काढले, फिक्या आकाशीपासून गर्द हिरव्या-निळ्यापर्यंत. एका रंगातून दुसऱ्यात उडी दिसू नये म्हणून सुईत तीन पदर एकत्र ओवले, आधी तिन्ही फिके, मग दोन फिके एक गडद, मग एक फिका दोन गडद. टाका आखूड, तिरका, उलट्या बाजूने बघितलं तर टोपलीच्या विणीसारखा. एक टाका दुसऱ्याहून केसभर मोठा नाही. मागची बाजूसुद्धा पुढच्याइतकी साफ.

मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये टेबलावर सहा नमुने मांडले. सगळ्यांचं पाणी निळं. कुणाचं आकाशी, कुणाचं शाईसारखं, एकीचं तर मोरपंखी. युनाचं अर्थातच सगळ्यांत देखणं. बर्था ओट्स, जिला गावात सगळ्यात आधी सगळं बोलून टाकायची खोड, ती म्हणाली, "युना, तुझ्याकडून हरायलाही बरं वाटतं बघ."

तेवढ्यात नोरीन आली, उशिरा, नेहमीसारखी. पिशवीतून तिने चुरगळलेला कापडाचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला.

तिचं पाणी तपकिरी होतं.

कोरा चहा काचेच्या पेल्यात ओतून उजेडात धरावा, तसं. आखूड टाका जवळजवळ नव्हताच. आडवे टाके, लांबलांब, कुठे बोटाच्या पेराएवढे, कुठे त्याहून लांब, एकाखाली एक सरकवलेले. लोकर एकाच रंगाची, पण मधेमधे तिने रेशमाचा एक पदर घातला होता, आणि कुठे टाके जरा वर चढवले, कुठे खाली उतरवले. त्यामुळे एकाच रंगाचे चार रंग दिसत होते. मिसेस पेलने तुकडा उचलून हलवला तसा उजेड त्याच्यावरून सरकला.

"ही लोकर कसली?" युनाने विचारलं.

"डगच्या मोज्यांची. रफू करायची," नोरीन म्हणाली. "घरात दुसरा तपकिरी नव्हता."

"पाणी तपकिरी असतं का गं कुठे?"

"इथलं आहे की," नोरीन म्हणाली. तिला वाटलं युना खरंच विचारतेय.

बर्था खिडकीकडे गेली. खिडकीतून नदी दिसते. तिने नदीकडे बघितलं, परत येऊन टेबलाकडे बघितलं. "अरे देवा," ती म्हणाली, "जन्म गेला इथे. आणि मी शाईचं पाणी भरून आणलं."

वरच्या डोंगरातल्या गवतामुळे आमची नदी चहाच्या रंगाची आहे. हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण पाणी भरायला बसलं की हात निळ्या लडीकडे जातो. युनाने खिडकीकडे बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती. त्या तळहाताएवढ्या तुकड्यात तिला तिची नदी दिसली होती, तिच्या माहेरच्या धक्क्याखालची, सकाळची, आणि ती दाखवली होती त्या धुळीतल्या बाईने.  तिला तो तुकडा वाईट वाटला असता तर किती बरं झालं असतं. तो वाईट नव्हता. तो तिच्या नमुन्याहून चांगला होता, आणि त्या खोलीत हे सगळ्यांत नीट तिलाच कळत होतं.

मधला तुकडा नोरीनला मिळाला. युनाला मिळाला डावीकडचा, शेवटचा, बाजूच्या दाराजवळचा, जिथे पावसाळी दिवसांत लोक छत्र्या टेकवून ठेवतात.

"तिथे मजबूत काम हवं," मिसेस पेल म्हणाली. "म्हणून मुद्दाम तुम्हाला दिला, मिसेस स्कोबी."

युना हसली. घरी येऊन तिने बटाटे असे सोलले की निम्मे सालींबरोबर गेले.

आता गादीची एक गोष्ट असते. तिच्यावर माणसं गुडघे टेकतात. गुडघे टेकताना बुटाची टाच लागते, पट्ट्याचं बक्कल लागतं, म्हाताऱ्यांच्या काठीचं टोक लागतं, बागेतून थेट आलेल्यांच्या पँटला काटे असतात. गादीवर गव्हाच्या दाण्याहून लांब टाका घालायचा नाही. घातला की अडकलाच, आणि एक अडकला की त्याच्यामागून ओळ सुटत जाते. हे पुस्तकात वाचून कळत नाही, गादी भरूनच कळतं. आणि गादी भरलेली बाई गावात एकच होती.

मार्चमध्ये नोरीन तिचा कॅनव्हास चादरीत गुंडाळून युनाकडे आली. चौकटीवर ताणलेलं काम तिने टेबलावर ठेवलं. पाव तुकडा भरून झाला होता. आता खरी लोकर आणली होती तिने होबार्टहून, आणि रेशीमही जास्त घातलं होतं. नदी हातभर पसरली होती आणि नुसती झुळझुळत होती.

"युना, खरं सांग हं," नोरीन म्हणाली. "हे टाके फार लांब होतायत का? मला तुझ्यासारखं काही येत नाही. तू म्हणशील तर उसवते. अजून थोडंच झालंय."

युनाने काम उचलून उजेडात धरलं. तिचं बोट आपोआप एका लांब टाक्याखाली गेलं. टाका सहज उचलला गेला. एक शब्द बोलायचा होता फक्त. बाहेर जोसीची हाक ऐकू आली, "काकू, आलीस का गं?" आणि ती धावत आत आली, आईच्या बाजूने न येता थेट नोरीनच्या गळ्यात हात टाकून कामावर वाकली.

"आई, बघितलंस का? मी याच्यावर लग्न करणार," जोसी म्हणाली.

"छान आहेत टाके," युना म्हणाली. "आहेत तसेच घाल. पाण्याला कशाला अडवायचं."

नोरीनचा चेहरा उजळला. "तू म्हणालीस म्हणजे झालं. मला रात्रभर झोप नव्हती."

त्या रात्री युनालाच झोप नव्हती. पण उठून समोरच्या घरी जाऊन सांगावं, असं काही तिने केलं नाही. उलट तिने हिशेब मांडला. ऑगस्टमध्ये गादी बसणार. दोन-तीन रविवार जातील. पहिलं बक्कल कुणाचं अडकेल, तेही तिने ठरवून टाकलं, बर्थाच्या घरातल्या थोरल्या ओट्सचं, त्याचं पोट सुटलंय, पट्टा खाली उतरतो. लग्नापर्यंत नोरीनच्या नदीचा झाडू झालेला असेल. मग सगळे युनाकडे येतील. हे सगळं तिने अंथरुणात पडून इतक्या बारकाईने बघितलं, की सकाळी तिला जरा बरंही वाटलं.

नोरीन मधेमधे येत राहिली, काम दाखवत राहिली. युना दर वेळी म्हणायची, "छान." आपला डावीकडचा तुकडा ती भरत होती, पाच निळ्यांत, आखूड टाक्यांत. तो पुरा झाला तेव्हा त्याच्यावरून ट्रॅक्टर गेला असता तरी काही झालं नसतं. बर्था येऊन म्हणाली, "एकदम पक्कं. जमिनीवर लिनोलियम घातल्यासारखं वाटतं." बर्थाने हे कौतुकाने म्हटलं होतं.

ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे हिवाळा. त्या थंडीत एका मंगळवारी सातही तुकडे हॉलमध्ये आले. ओले करून, फळीवर खिळ्यांनी ताणून वाळवलेले, सरळ केलेले. लांब टेबलावर ते एकाशेजारी एक मांडले, जोडायच्या आधी. तीन निळे, मधे तपकिरी, पुन्हा तीन निळे.

 मग एकीने डोळे पुसले. ती आगीच्या दिवशी पाण्यात होती, तिचा नवरा नंतर वारला. नोरीनने तपकिरीत कुठेकुठे तांब्याच्या रंगाचे टाके घातले होते, अगदी थोडे, आणि ते कशाचे हे पाण्यात उभं राहिलेल्या प्रत्येकीला कळलं. युनाला मात्र ते बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं, पाण्यात पडलेली आग. गावातल्या बायकांत ती एकटीच अशी होती, जिला ते आठवत नव्हतं, कारण तिच्याकडे आठवायला काही नव्हतं.

"हे माझ्या पोरांच्या पोरांनी बघायला पाहिजे," बर्था म्हणाली.

आणि युनाचा तोल गेला. थांबायचं ठरवलं होतं, बक्कल अडकेपर्यंत गप्प बसायचं होतं. पण तेवढा धीर तिच्यात राहिला नाही.

"पोरांची पोरं?" ती म्हणाली. "नाताळपर्यंत टिकलं तर मला सांगा. गादी आहे ही, चित्र नाही. असे टाके गादीवर घालतात का कुणी?" तिने बोटातली अंगठी एका रेशमी टाक्याखाली घातली आणि अलगद ओढली. टाका निघून वर आला, शेजारचे दोन आकसले, आणि पाण्यात एक चुणी पडली. "अंगठीने हे होतं. बुटाने काय होईल?"

नोरीन त्या चुणीकडे बघत होती. "मार्चमध्ये मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. "तू म्हणालीस, आहेत तसेच घाल."

कुठे बघावं ते आम्हा सगळ्यांना कळेना. कुणी चहाच्या किटलीकडे बघितलं, कुणी आपल्या बोटांकडे. युनाचे कान तापले. 

मिसेस पेल बिचारी सगळं सावरायला उठली. "मग यावर गुडघे टेकायचेच कशाला?" ती म्हणाली. "हे आपण वेदीमागच्या भिंतीवर लावू. चौकटीत, काचेखाली. तिथे कुणाचा पाय लागणार नाही. आणि मधला तुकडा नवा करावा लागेल." ती युनाकडे वळली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. "मिसेस स्कोबी, मधला तुम्हीच करा ना. तुमचं काम टिकतं."

म्हणजे बघा. मागितलं होतं ते मिळालं. मधला तुकडा युनाला. जमिनीवर, बुटांखाली. आणि नोरीनची नदी वर, सगळ्या गावाच्या नजरेसमोर, जन्मभर.

घरी क्लिफ म्हणाला, "मिळाला ना तुला? मग चेहरा का असा?"

"जेव गुपचूप," युना म्हणाली.

ती भरायला बसली. निळ्या लड्या काढल्या, आणि सुई पुढे जाईना. एकदा दिसलेलं पाणी परत निळं होईना. धक्क्यावर जाऊन बसली, नदीकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं असेल. काठाशी मधासारखी, पुढे चहा, त्याच्याही पुढे काळी. ऊन आलं की तळाशी गंज लागल्यासारखं काही चमकायचं. सगळं इथेच होतं, रोज, तिच्या दारात, आणि कुणीतरी ब्रोकन हिलहून येऊन आधी बघितलं होतं. युना परत आली आणि तपकिरी लोकर मागवली. सुईत तीन पदर, एक तपकिरी, एक शेवाळी, एक राखी. आखूड टाके. उजेड काही सरकत नव्हता त्याच्यावरून, आखूड टाक्यात तो सरकत नाही. भरलं, उसवलं, परत भरलं. चिखल झाला, परत उसवलं. जोसीच्या लग्नाचा केक तिने एका बाजूला केला आणि हे एका बाजूला, आणि लग्नाच्या आधीच्या आठवड्यात तुकडा पुरा झाला. नदी झाली होती. खाली वाकून बघितलं तर खोलही दिसत होती.

बर्था बघायला आली. "अगदी नोरीनसारखं जमलं हो तुला," ती म्हणाली.

युनाने तिला केक दिला नाही.

लग्नाचा दिवस छान उजाडला. उरल्यासुरल्या बागांना मोहोर होता. चर्च भरलं होतं. युना पहिल्या बाकावर, निळी टोपी घालून, मांडीवर हात घट्ट धरून बसली होती. शेजारी क्लिफची जागा, पलीकडे डग आणि नोरीन. जोसी बापाचा हात धरून आली, पुढे गेली, आणि ती वेळ आली. पाद्र्यांनी सांगितलं, आणि नवरा-नवरी गुडघ्यांवर बसली.

झग्याचा घेर एवढा मोठा, की पसरला तो तीन तुकड्यांवर पसरला. मधला तुकडा पार झाकून गेला. टाका दिसेना. सुपारीएवढं पाणी दिसेना. युना मान उंच करकरून बघत राहिली, या बाजूने, त्या बाजूने. पांढरं कापड, नुसतं पांढरं कापड. आणि जोसीने मान वर केली. समोर भिंतीवर काचेत नोरीनची नदी होती, खिडकीतून ऊन आलं होतं तिच्यावर, आणि पोर आशीर्वाद होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

लोकांना वाटलं आई आनंदाने रडतेय. रुमाल दिला कुणीतरी.

जेवण हॉलमध्ये होतं. टर्की, हॅम, पावलोव्हा, भाषणं. नवरा-नवरी गाडीत बसून गेली, मागे बांधलेले रिकामे डबे खडखडत. मग पुरुष बाहेर बिअर घेऊन उभे राहिले आणि बायका आवरायला लागल्या. हॉलच्या स्वयंपाकघरात बेसिनपाशी नोरीन कप धूत होती. युनाने फडकं घेतलं आणि शेजारी उभी राहिली, कारण बाकी कुणी ती जागा घेतली नव्हती. ऑगस्टपासून दोघी एकमेकींशी 'मीठ दे' एवढंच बोलल्या होत्या.

थोडे कप झाल्यावर युनाला राहवेना.

"बघत होती तुझ्याच पाण्याकडे," ती म्हणाली. "गुडघे माझ्यावर आणि डोळे तुझ्यावर. झालं तुझ्या मनासारखं."

नोरीनने हातातला कप फेसात सोडला.

"तुला वाटतं, मला तिथे फार मजा आली त्या दिवशी?" ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"नदीत. नऊ वर्षं तू माझ्याकडे अशी बघतेस, जशी मी तुझी पोर पळवलीय. कधी विचारलंस, तिथे काय झालं?"

युनाने विचारलं नव्हतं. भीती वाटायची, की ऐकलं तर नोरीनचे उपकार आणखी वाढतील.

"मी तिला धरलं होतं," नोरीन म्हणाली. "हातांत पेटके आले, तरी सोडली नाही. डोक्यावर घोंगडं, वरून जळकी पानं पडतायत, श्वास घेता येईना. आणि ती किंचाळत होती. आई, आई, आई. थांबेचना. मी म्हटलं, मी आहे ना, काकू आहे. तर ती मला ढकलायला लागली. मला, युना. नखं मारली. सुटून जायला बघत होती, खोल पाण्याकडे, तुला शोधायला. शेवटी मी खोटं सांगितलं. म्हटलं, आई मागेच उभी आहे, धुरात दिसत नाही, मागे बघू नकोस, तिने सांगितलंय गप्प उभी राहा. तेव्हा गप्प झाली. एकदम. माझ्या हातांत होती आणि गप्प झाली तुझ्यामुळे." तिने ओल्या हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. "तू तिथे नव्हतीससुद्धा. लोकर घेत होतीस. आणि तरी तूच होतीस. मला तुझा इतका राग आला होता ना, वाटलं, हिला काही न करता मिळतं सगळं. अजून वाटतं. आज ती झगा घालून आत आली आणि पहिली नजर कुणाकडे टाकली? माझ्याकडे नाही टाकली."

बाहेर पुरुष कशालातरी हसले. युना फडकं धरून उभी होती.

"मला मार्चमध्येच दिसलं होतं," ती म्हणाली. "टाक्यांचं."

"ठाऊक आहे. कप पूस."

युनाने कप पुसायला घेतला. तिला नोरीनची दया यायला हवी होती, आणि आलीही थोडी. पण त्याआधी, त्याच्या कितीतरी आधी, तिला बरं वाटलं होतं. नऊ वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं, अंगात ऊन शिरल्यासारखं. पोर आई म्हणून ओरडत होती. नोरीनला ढकलत होती. आणि नोरीन जळत होती, युनावर. हसू येईल की काय म्हणून युनाने खाली मान घातली, आणि त्याची इतकी लाज वाटली, की ती एकामागून एक सगळे कप पुसत राहिली, पुसून ठेवलेलेसुद्धा.